पळून गेलेल्या मुलाची साक्ष

घरातून पळालेले मूल वाईट संगतीला लागते, संगतीतून नशेला आणि नशेपायी चोरीला लागते, म्हणून त्याला धरून घरी पोहोचवले किंवा काही दिवस रिमांड होममध्ये ठेवले की प्रश्न मिटतो, असा एक समज रूढ आहे. या समजात घटनांचा क्रम खरा असला, तरी त्यांचा आरंभ चुकीच्या जागी धरलेला आहे. दारुड्या बापाचा मार, उपासमार किंवा घरातल्याच कुणाचा लैंगिक अत्याचार यांपासून सुटण्यासाठी जे मूल निघते, त्याचे पळणे ही त्या घराविरुद्ध त्याला देता येईल अशी बहुधा एकमेव साक्ष असते. तिची विचारपूस न करता त्याला परत घरी पाठवणे म्हणजे त्याने ज्याच्यावर बोट ठेवले, त्याच्याच हाती ते सोपवणे होय.

नशेकडेही असेच वरवर पाहिले जाते. मुंबईच्या फलाटांवरची पोरे पंक्चरचे ‘सोल्युशन’, व्हाइटनर किंवा थिनर रुमालावर घेऊन हुंगतात. अशा पदार्थांत टोल्युईनसारखे झटकन उडून जाणारे द्रावक असते. त्याची वाफ फुफ्फुसांतून रक्तात आणि तेथून अल्पावधीत मेंदूत पोहोचते, आणि भूक, थंडी व रात्रीची भीती काही काळ बोथट होते. उघड्यावर झोपणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला या तिन्हींपासून दुसरा आडोसा नसतो. यावरून ही नशा क्षम्य ठरते असे मुळीच नाही, कारण तिच्या दीर्घ वापराने चेतातंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण नष्ट होत जाते आणि एका वेळच्या हुंगण्यानेही हृदयाची लय बिघडून एकाएकी मृत्यू ओढवू शकतो. ती सोडवायचीच आहे. मात्र ती ज्या गरजेवर उभी आहे ती तशीच ठेवून ती सुटत नाही.

मार खाणारी सगळी मुले पळत नाहीत आणि पळालेली सगळी चोरी करत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो वस्तुस्थितीला धरून आहे, पण जे मूल सोसत राहिले त्याच्या सोसण्याने पळालेल्याची तक्रार खोटी ठरत नाही. ज्याची वस्तू चोरीस गेली त्याचे नुकसानही खरेच आहे. पण मुलाला होते त्याच ठिकाणी परत नेऊन ठेवल्याने पुढची चोरी टळत नाही.

2015च्या बाल न्याय अधिनियमात मुलांचे दोन वर्ग आहेत: गुन्ह्याचा आरोप असलेले ‘विधिसंघर्षग्रस्त’ बालक बाल न्याय मंडळापुढे येते, तर ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ बालक बाल कल्याण समितीपुढे. पळालेले, नशा करणारे आणि चोरीत सापडलेले मूल एकाच वेळी दोन्हींत मोडू शकते, हे कलम 8 स्वतःच मान्य करते आणि अशा प्रकरणी मंडळाला समितीकडे जाण्याची वाट देते. त्याच कलमानुसार, मूल मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलाच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तो पत्ता, शाळा आणि बापाचा धंदा एवढ्यावर संपता कामा नये. मूल किती वेळा पळाले, कोणत्या प्रसंगानंतर पळाले आणि पहिली नशा पळण्याआधीची की नंतरची, हे त्यात आलेच पाहिजे. कुटुंबात परत पाठवण्याचे तत्त्व सांगतानाही कायदा ‘मुलाच्या हिताचे असेल तर’ ही अट घालतो, आणि मुलाला अमली पदार्थ देणाऱ्या प्रौढाला कलम 77 अन्वये सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास ठेवतो. वारंवार पळणाऱ्या मुलाला घरच्यांच्या ताब्यात देण्यापूर्वी समितीचे मत घेणे आणि व्यसनमुक्तीचे उपचार सुरू करणे ही मंडळाची नित्याची रीत व्हायला हवी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.