तिळाच्या चटणीने गोळी सुटत नाही

आरोग्यावर गावोगाव व्याख्याने देणाऱ्या एका गृहस्थांचे म्हणणे सध्या घरोघरी पोचले आहे. वनस्पतींत स्टेरॉल नावाचे द्रव्य असते. ते कोलेस्टेरॉल उतरवते, हे परदेशी शास्त्रज्ञांनीच मान्य केले आहे. फिनलंडने ते खाण्यात घालून हृदयरोग पळवला. आपल्या तिळात, शेंगदाण्यात, घाण्याच्या तेलात ते आयतेच आहे. तेव्हा रोज चटणी खा आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी बंद करा. टाळ्या पडतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी, स्टेंट बसवलेला असताना, हे ऐकून गोळी खरोखरच बंद केली. त्यांना ती पुन्हा सुरू करायला लावताना घरच्यांची जी दमछाक झाली ती मी पाहिली आहे, म्हणून हा लेख.

स्टेरॉल कोलेस्टेरॉल उतरवते, एवढे खरे आहे. आतड्यात रोज येणारे बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून नव्हे, पित्तातून येते. आयुष्यात अंडे न खाल्लेल्या माणसाच्या आतड्यातही ते असतेच. पित्ताच्या सूक्ष्म थेंबांत विरघळल्याशिवाय ते रक्तात शिरू शकत नाही. वनस्पतींचे स्टेरॉल त्याच्यासारखेच दिसते, त्या थेंबांतली जागा अडवते आणि कोलेस्टेरॉल शौचावाटे निघून जाते. स्टेरॉल स्वतः मात्र शेकडा पाच भागांहूनही कमी शोषले जाते. त्याचाच हायड्रोजन जोडलेला भाऊ स्टॅनॉल, तो तर त्याहून कमी. रोज सुमारे २ ग्रॅम पोटात गेले, तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ८ ते १० टक्के उतरते. ३ ग्रॅमच्या पुढे कितीही खा, फारसा फरक पडत नाही.

आता हे २ ग्रॅम आणायचे कुठून? व्याख्यानात हा आकडा कधी येत नाही, आणि माझे सगळे भांडण याच आकड्यावरून आहे. रोजच्या साध्या जेवणातून माणसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम स्टेरॉल मिळते. पोळी-भाजी, डाळ, तेल, दाण्याचे कूट सगळे धरून. तीळ त्यातल्या त्यात श्रीमंत: १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० ते ७०० मिलिग्रॅम. म्हणजे पानात डाव्या बाजूला वाढलेल्या चमचाभर चटणीत पन्नासेक मिलिग्रॅम. नुसत्या तिळातून २ ग्रॅम गाठायचे तर रोज तीनशे ते पाचशे ग्रॅम तीळ चावावे लागतील, आणि त्यातून किमान सतराशे कॅलरी अंगावर येतील. शेंगदाणा तेलातून गाठायचे तर पाऊण ते एक किलो तेल. हे गणित चौथीतल्या मुलाला येते. सभागृहभर माणसांसमोर उभे राहून औषध बंद करा म्हणणाऱ्याने ते केलेले नसेल तर तो बेजबाबदार आहे. करून लपवले असेल तर त्याला काय म्हणावे हे वाचकांनी ठरवावे.

यावर राइस ब्रान तेलाचे नाव पुढे केले जाते. त्यात स्टेरॉल खरेच जास्त, १०० ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास. पण रोज दीड-दोन पळ्या तेल खाणाऱ्याला त्यातून दोनअडीचशे मिलिग्रॅमच मिळतील. शिवाय त्यातले नावाजलेले ओरायझेनॉल हे द्रव्य अल्कली वापरून केलेल्या शुद्धीकरणात बरेचसे निघून जाते. तेलाचा विषय निघालाच आहे तर जुने भांडणही उकरून काढतो. शेंगतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असे ठळक छापत, तेव्हा आम्ही काहीजण ओरडत होतो, की कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते, मग यात विशेष ते काय? त्या वेळी हेच गृहस्थ कंपन्यांवर तुटून पडत. आज त्यांनी तीच युक्ती उचलली आहे. गुण खरा सांगायचा आणि मात्रा गिळून टाकायची. खोबरेलाची भलामणही अशीच चालते. त्यात स्टेरॉल जेमतेम आणि संपृक्त चरबी नव्वद टक्क्यांच्या घरात, तरी ते हृदयाला अमृत!

फिनलंडचा दाखला तर सरळ उलटा आहे. नॉर्थ कॅरेलिया भागात हृदयविकाराने कर्ती माणसे भराभर मरत होती, म्हणून १९७२ मध्ये तिथे मोहीम सुरू झाली. पेक्का पुस्का तिचे प्रमुख. लोणी कमी, तेल जास्त, मीठ कमी, तंबाखू बंद, रक्तदाबावर उपचार. स्टॅनॉल घातलेले बेनेकोल मार्गारिन बाजारात आले १९९५ साली. तोवर तिथले हृदयविकाराचे मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. या मार्गारिनच्या त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, याच भागातल्या १५३ जणांवर, वर्षभरात एलडीएल सुमारे १४ टक्के उतरले. ही चांगलीच कामगिरी आहे. पण झटके कमी झाले का, मृत्यू कमी झाले का, हे स्टेरॉल-स्टॅनॉलच्या कोणत्याही चाचणीने आजवर दाखवलेले नाही. स्टॅटिनने दाखवले आहे. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४४४४ हृदयरुग्ण होते, त्यांत फिनिश लोकही होते. सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. फिनलंडचे नाव घ्यायचे तर हेही सांगा.

नैसर्गिक ते निरुपद्रवी, हा त्यांचा आणखी एक लाडका मुद्दा. सिटोस्टेरोलेमिया नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात हेच नैसर्गिक स्टेरॉल रक्तात साचते आणि कोवळ्या वयात धमन्या बिघडवते. आणि पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्दो यांना बुरशीतच सापडले, तीही निसर्गाचीच.

औषध कंपन्या स्टेरॉलचा हा गुण दडवतात म्हणे. पण १९५० च्या दशकात एका बड्या अमेरिकी औषध कंपनीनेच सिटोस्टेरॉल ‘सायटेलिन’ नावाने औषध म्हणून विकले होते.

मग स्टेरॉल टाकाऊ आहे का? मुळीच नाही. एलडीएल थोडे वाढलेले आहे, डॉक्टरांनी अजून गोळी सांगितलेली नाही, अशा माणसाने स्टेरॉल घातलेला पदार्थ जरूर घ्यावा. गोळी चालू असून आकडा अडला असेल तर जोडीलाही चालतो. स्टॅटिनचा डोस दुप्पट करून एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरते, इथे त्याहून जास्त पदरात पडते. तो मुख्य जेवणासोबत आणि रोज घ्यावा लागतो. परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसतो, सोडला की जातो. रक्तातले बीटा-कॅरोटीन थोडे घटते, म्हणून गाजर, भोपळा, पालेभाज्या पानात हव्यात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुले यांच्यासाठी तो नाही. पाकिटावर एका वेळच्या वाढपात किती ग्रॅम स्टेरॉल आहे हे छापलेले नसेल, तर ते घेऊ नये. आणि तिळाची चटणी खावी, रोज खावी, ती उत्तम अन्न आहे.

एलडीएल १९० असलेल्याचे स्टेरॉलने १७१ होईल. झटका येऊन गेलेल्याला ते ७० च्या, पुष्कळदा ५५ च्या खाली लागते. हे अंतर चटणीने भरून निघत नाही. त्या गृहस्थांनी तिळाचे गुणगान खुशाल चालू ठेवावे. ‘गोळी बंद करा’ हे वाक्य मात्र पुढच्या व्याख्यानात, ज्या व्यासपीठावरून उच्चारले त्याच व्यासपीठावरून, मागे घ्यावे.