करपा बांधावर थांबत नाही



केळीचा करपा हे यावल-रावेरच्या पाणीवाल्यांचे दुखणे, आपण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले, आपल्याला काय त्याचे? पण विहिरीला पाणी लागले, ठिबक बसली की आपल्यातलेही एकर-दोन एकर केळी लावतातच.

करपा ही बुरशी. फिजी बेटावरच्या सिगाटोका खोऱ्यात १९१२ च्या सुमारास तिने बागा बसवल्या, तेच नाव तिला पडले. दमट हवेत पानावर पिवळ्या रेघा, मग तपकिरी ठिपके, मग पान वाळते. पाने गेली की घड पोसत नाही, फळ अवेळी पिकते आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त मिळते.

रोगट पाने कापून बागेबाहेर जाळा, पाणी साचू देऊ नका. मग दहा लिटर पाण्यात प्रोपिकोनॅझोल १० मि.लि. आणि चिकटद्रव्य, पुढच्या फेरीला मॅन्कोझेब २५ ग्रॅम. दुकानदार दर फेरीला नवी बाटली देतो. टेब्युकोनॅझोल काय, डायफेनोकोनॅझोल काय, सगळी प्रोपिकोनॅझोलचीच भावकी. एकाच कुळातले औषध मारत राहिले की बुरशी त्याला सरावते. मी कृषी पदवीधर, पण हे खरे शिकलो कापसात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटीला जुमानले नाही, ते तुम्हीही भोगले आहे.

बुरशीचे बीज वाऱ्या-पावसाबरोबर फिरते. एकट्याने फवारून शेजारची सोडलेली बाग तशीच राहिली तर पैसा पाण्यात. मालक शहरात असेल तर त्याला विचारून गावानेच पाने कापावीत, मजुरी वर्गणीतून द्यावी.