कुंपणावरचे विष

चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याची बातमी महाराष्ट्राला नवी नाही. मुलांना उलट्या-जुलाब होतात, त्यांना रुग्णालयात हलविले जाते, बहुधा ती बरी होऊन घरी परततात आणि बातमीबरोबर प्रश्नही विसरला जातो. कुंपणावरचे झाड मात्र जागच्या जागी उभेच असते.

ते तेथे आले कसे? चंद्रज्योत, कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी या झाडांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत आणि थोड्या पाण्यावर ती तग धरतात. म्हणून ती कुंपणासाठी पसंत पडली. गुरे ती का टाळतात, हा पुढचा प्रश्न विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. कण्हेर आणि बिट्टी यांच्या सर्वांगात हृदयाची गती बिघडविणारे विष असते. चंद्रज्योतीची बी खाण्यास रुचकर लागते, हाच तिचा खरा धोका. एकेकाळी सोने तोलणारी गुंज चावली गेली, तर प्राणावर बेतू शकते.

म्हणून सरसकट कुऱ्हाड चालवावी काय? तसे करण्याचे कारण नाही. मे २०२४ मध्ये केरळातील त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात कण्हेरीची फुले वापरणे बंद केले. इतर पूजेतील त्यांचा वापर मात्र राहू दिला. विवेक म्हणतात तो हाच. जेथे लहान मुले वावरतात किंवा जनावरे बांधली जातात, तेथून ही झाडे काढावीत. अन्यत्र ती ओळखून राखावीत.

काढण्यातही शिस्त हवी. हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, चीक डोळ्यांना वा त्वचेला लागू न देता, पावसाने जमीन मऊ झाल्यावर झाड मुळासकट खणावे. खोड राखले तर पुन्हा फुटते. गळलेल्या बिया वेचाव्यात. पालापाचोळा जाळू नये, कारण धूरही अपायकारक असतो. तो उकिरड्यावरही टाकू नये; कण्हेरीचे पान वाळले तरी विषारीच राहते. गुरे पोहोचणार नाहीत अशा जागी तो खोल पुरावा आणि हात व अवजारे साबणाने धुवावीत.

एवढे करूनही मुलाने बी खाल्लीच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्यात वेळ दवडू नये. त्या झाडाची फांदी वा बी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

हे ज्ञान एकेकाळी घरातल्या आजीपाशी असे. घरे बदलली आणि ते मागे पडले. आता ही जबाबदारी शाळेकडे येते. विज्ञानाच्या शिक्षकाने एक तास फळ्यासमोरून उठून वर्ग कुंपणाजवळ नेला आणि तेथील प्रत्येक झाडाचे नाव व गुणदोष सांगितले, तर पुढची बातमी टळण्याची आशा धरता येईल. या उपायाला ना निधी लागतो, ना शासकीय आदेश.