कोयता दोघांचा, हिशेब एकाचा

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. शरद पवार आणि पंकजा मुंडे मध्यस्थीला होते. वाढ हक्काची होती, तिचं स्वागतच आहे. पण मैत्रिणींनो, अशा बैठकीत टनाचा दर ठरतो, मुकादमाचं कमिशनही ठरतं. बाईची मजुरी ठरत नाही. कशी ठरणार? ती कुणी मोजलेलीच नाही.

मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. तिथे माणसं मोजतात ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, अंगठा त्याचा, हिशेबही त्याच्याशीच. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडीत चढवते. त्याआधी पहाटे उठून पाणी, भाकरी, लेकरं तिनेच पाहायची. एवढं करून कागदावर ती कुठेच नाही.

समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ चा. पुढे २०१९ च्या वेतनसंहितेने ते तत्त्व आपल्यात घेतलं. पण तुलना करायची तर दोन आकडे लागतात. इथे आकडाच एक! मग कायदा मोडण्याचे कष्टही कुणाला घ्यावे लागत नाहीत. सोयाबीनच्या रोजंदारीत बाईला गड्यापेक्षा कमी देतात, तो अन्याय निदान दिसतो, त्यावर भांडता येतं.

मजुरी वाढवली की काम जातं, हे आपल्याला वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. जोन रॉबिन्सन या बाईंनी १९३३ सालीच दाखवलं होतं की श्रम विकत घेणारा एकटा असला तर तो मजुरी दाबून ठेवतो; तिथे मजुरी वाढूनही काम कमी होईलच असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीत १९९२ साली किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं. कार्ड आणि क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी ताडून पाहिलं, तर खानावळींतली कामं घटलेली आढळली नाहीत. आपल्याकडे १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी दुपटीच्या आसपास गेली आणि त्यानंतर कामं आखडली, हेही संशोधकांनी नोंदवलं आहे. पण तिथे हात आखडला तो सरकारने, आणि तोही कामाची हमी कायद्यात लिहिलेली असताना! आता यंत्राचा धाक दाखवतात. त्या यंत्रालाही अनुदान सरकारचंच.

घासाघीस करण्याची ताकद येते ‘नाही’ म्हणता येण्यातून. उचल ती ताकद हंगामाआधीच काढून घेते. आणि बाई तर अशा कर्जाला बांधलेली, जे तिने घेतलेलंच नाही. खाडा झाला की दंड. पाळीचा, बाळंतपणाचा खाडाही खाडाच. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दरपत्रकात न दिसणारी किंमत ही अशी वसूल होते.

‘जोडी फोडली तर एकजूट फुटेल,’ असं काही संघटनांतले भाऊ म्हणतात. घरातला पैसा एकच, म्हणे. मग तो बाईच्या खात्यावर का जमा होत नाही? आजवर हा प्रश्न विचारला की भाऊ हसतात आणि विषय बदलतात.

पुढच्या कराराच्या बोलणीला तोडणीवर जाणाऱ्या बायका स्वतः बसल्या पाहिजेत. उचलीच्या कागदावर दोघांची सही, टनाच्या दरातला अर्धा वाटा तिच्या नावावर, आणि पाळी-बाळंतपणाचा खाडा बिनदंडाचा, एवढं लिहून घेतल्याशिवाय त्या करारावर आपल्या संघटनांनी सही करू नये.