रात्रीचं दुपटं कोण बदलतं?

वस्तीतल्या बैठकीत बायकांच्या कामाची यादी काढायला बसलं की ती पहाटेच्या पाण्यापासून सुरू होते आणि रात्रीच्या भांड्यांपाशी संपते. त्यानंतर मूल तीनदा ओलं झालं, एकदा ओकलं, अंधारात चाचपडत दुपटं शोधलं, गोधडी उलटी करून टाकली, हे कुणी सांगत नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘ते काय काम आहे होय?’

सरकारी मोजणीतही ते निसटतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. २०१९ मध्ये पुरुषांची ९७ होती, म्हणजे तीही घटली! या पाहणीत दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत मांडतात. पाच मिनिटांत दुपटं बदलून पुन्हा आडवी झालेली बाई त्या तुकड्यात झोपलेलीच दिसणार. तिची मोडलेली झोप कुठल्या रकान्यात लिहायची?

‘मला काही सापडत नाही, तूच बघ’ ही घरातल्या पुरुषांची नेहमीची सबब. म्हणून रात्रीची तयारी आईच्या डोक्यात न ठेवता सगळ्यांना दिसेल अशी मांडून ठेवावी. अंथरुणावर रबरी कापड, त्यावर जुन्या लुगड्याची घडी, त्यावर पुन्हा रबरी कापड आणि घडी. ओलं झालं की वरचा थर काढायचा, खाली कोरडं तयार. उशाशी एका पिशवीत दोन झबली, लंगोट, दुपटी, पुसायला फडकं. ओल्या कपड्यांसाठी झाकणाची बादली. नळाला पहाटेच पाणी येत असेल तर एक कळशी रात्रीसाठी राखून ठेवायची, शेजारी साबण. जुलाब-उलट्यांसाठी जलसंजीवनीचं पाकीट. छोटा दिवा असला तर उत्तम. एवढं असलं की हे काम कुणाच्याही हाताला जमतं. पाजायला आईच लागते, दुपटं बदलायला नाही.

मात्र ‘कुणीही’ म्हणजे दहा वर्षांची थोरली मुलगी नव्हे. आईचं ओझं उतरवून तिच्या डोक्यावर ठेवलं तर आपण काय बदललं? तिलाही सकाळी शाळा आहे.

थोडी मोठी मुलं अंथरूण ओलं करतात तेव्हा मुलाला मार आणि आईला ‘वळण लावलं नाही’ हा टोमणा मिळतो. मूल हे मुद्दाम करत नाही. दिवसाचा ताबा आधी येतो, रात्रीचा उशिरा. पाच वर्षांपर्यंत तर हा आजार मानतच नाहीत. पुष्कळदा वडिलांना किंवा आईलाही लहानपणी हाच त्रास झालेला असतो. लघवीला जळजळ होत असेल, किंवा सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर डॉक्टरांना दाखवावं. माराने भीती वाढते, अंथरूण कोरडं होत नाही.

‘त्याला सकाळी कामावर जायचं असतं,’ असं बायकाच सांगतात. आणि धुण्याभांड्याची चार घरं करणाऱ्या बाईला? २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मिळतात १५ दिवस. बाळ सांभाळणं कुणाचं, याचं उत्तर कायद्यानेच देऊन टाकलं आहे. आणि घरकामगार, बिगारी बायांच्या वाट्याला मालकाकडून यातली एक दिवसाचीही भरपगारी रजा येत नाही.

बापाच्या रजेची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे, तशीच वस्तीत पुरेशा पाण्याची आणि जवळच्या संडासाची. पण घरातली वाटणी कायद्यासाठी थांबवायची गरज नाही. एक रात्र तिची, एक रात्र त्याची. बाईला सलग सहा तास झोप मिळणं ही चैन नाही, तो तिचा हक्क आहे.