शब्दांची खतावणी : ‘फॉर’

मंडईत ‘दहाला जुडी’ असा पुकारा होतो. हाच सौदा इंग्रजीत मांडायचा झाल्यास दहाच्या आधी ‘फॉर’ येऊन उभा राहतो. आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून चालतात, इंग्रजीतील पुढे धावतात. त्यांतही ‘फॉर’ विलक्षण कष्टाळू. किंमत (दहाला), मुदत (तीन महिन्यांकरिता), हेतू (मुलांसाठी), मोबदला (मालाबद्दल) आणि प्रतिनिधित्व (पेढीतर्फे) ही सारी कामे तो एकटा करतो. मराठीने प्रत्येक कामाला निराळा गुमास्ता नेमला आहे.

‘फॉर’च्या मुळाशी ‘पुढे, समोर’ हा अर्थ आहे. ‘बिफोर’ आणि ‘फोरमन’ त्याच घरातले. संस्कृतातील ‘प्र’ आणि ‘पुरोहित’, ‘पुरस्कार’ या शब्दांतील ‘पुरस्’ हेही त्याच कुळातले. एखाद्याच्या पुढे उभा राहणारा हळूहळू त्याच्या जागी उभा राहणारा ठरला आणि स्थळाच्या अर्थातून प्रतिनिधित्वाचा अर्थ निघाला.

आपल्या शब्दांचे इतिहास याहून रंजक आहेत. ‘करिता’ सरळ ‘करणे’ या क्रियापदातून आला. ‘बद्दल’ आणि ‘ऐवजी’ अरबी. दोहोंच्या पोटी अदलाबदल आहे. ‘तर्फे’मधील ‘तरफ’ म्हणजे बाजू. ‘मार्फत’ तर मुळात ओळख, जाणणे या अर्थाचा! ज्याची ओळख त्याच्या हातून काम, हे व्यवहाराचे सूत्र त्या शब्दातच मुरलेले आहे.

१८८६ साली ही मंडई ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली; पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. घाऊक भाजीपाल्याचा व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आहे. तेथील अडत्या म्हणजे मूर्तिमंत ‘फॉर’. माल शेतकऱ्याचा, विक्री अडत्याच्या हातून, आणि हिशेबाची पट्टी पुन्हा शेतकऱ्याच्या नावे.

व्याकरणाचा हा विषय तिजोरीशी कसा भिडतो, ते बँकेच्या नोकरीत नित्य दिसे. चेकवर सहीच्या वर ‘फॉर अमुक अँड कंपनी’ असा शिक्का असतो. घाईत तो राहतो. सही तर ओळखीची, मग बिघडले काय, असे अनेकांना वाटते. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे २८ वे कलम येथे उभे राहते. प्रॉमिसरी नोट, हुंडीवजा बिल किंवा चेक यावर एखाद्या प्रतिनिधीने, आपण प्रतिनिधी म्हणून सही करीत आहोत असे न दर्शविता, नुसते आपले नाव लिहिले, तर तो स्वतः त्या रकमेस जबाबदार ठरतो. केवळ मालकच जबाबदार राहील असा विश्वास देऊन ज्याने ही सही घेतली असेल, त्याला मात्र या नियमाचा आधार घेता येत नाही.

त्याआधीचे २७ वे कलम मुनीमजींवर विसंबणाऱ्या पेढ्यांनी अवश्य वाचावे. धंदा चालविण्याचा, येणे वसूल करण्याचा आणि देणे फेडण्याचा सर्वसाधारण अधिकार कोणाला दिला, म्हणून बिल स्वीकारण्याचा किंवा त्यावर बेचन करून मालकास बांधण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. तो वेगळा द्यावा लागतो, आणि माझ्या मते लेखीच द्यावा. तोंडी भरवसा सलोखा असेतोवरच टिकतो. भागीदारीत वाटण्या निघाल्या की तोच भाऊ ‘मी सांगितलेच नव्हते’ म्हणतो.

१८७२ च्या करार कायद्यात २३० वे कलम आहे. मालकाचे नाव उघड न करणाऱ्या प्रतिनिधीवर, उलट करार नसल्यास, करार पाळण्याची वैयक्तिक जबाबदारी येते असे ते गृहीत धरते. म्हणजे ‘तर्फे’ लिहिणे पुरेसे नाही, कोणातर्फे तेही लिहावे लागते. नव्या पिढीच्या हाती पेढीचे चेकबुक देताना सही कशी करावी हे आपण शिकवतो. सहीच्या वरची ती एक ओळ वाचायला मात्र फार थोडे वडील सांगतात.