बिंदू, कागद आणि समीक्षेचा उलटा कालक्रम

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या १९४०च्या दशकातील कागदावरील निसर्गचित्रांविषयी लिहिताना, पुढील बिंदूची बीजे त्यांत दिसतात, अशा अर्थाचे विधान हटकून केले जाते. निकाल लागल्यानंतर वर्तवलेले हे भविष्य आहे. त्याला समीक्षा म्हणता येत नाही.

रझा नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईत आले, जे. जे. मध्ये शिकले, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. बिंदू त्यांच्या चित्राच्या केंद्रस्थानी आला तो १९८०च्या सुमारास. मधली तीस वर्षे ओलांडून मुंबईच्या पावसाळी रस्त्यांत बिंदू शोधणारा समीक्षक समोरचे चित्र पाहतच नाही.

पाहिले, तर माध्यमच त्याला अडवील. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. कोरा सोडलेला कागद हाच तेथे प्रकाश होतो. ओला हात एकदा फिरला की दुरुस्तीला फारशी जागा उरत नाही. बिंदूचा घट्ट काळा गोल याच्या नेमका उलट, थरावर थर देऊन सिद्ध होतो. या दोन कृतींत बीज-वृक्षाचे नाते मानायला आधार कोणता?

आधार म्हणून खुद्द रझांची साक्ष काढली जाते. बालपणी शिक्षकांनी भिंतीवरील ठिपक्यावर चित्त एकाग्र करायला लावले, ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. तिच्या खरेपणाविषयी वाद नाही. परंतु कलावंताची उत्तरायुष्यातील आठवण हा आत्मचरित्राचा भाग असतो. तरुणपणीच्या चित्राचा अर्थ ती परस्पर ठरवू शकत नाही. १९४८ मध्ये काश्मीरात आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांच्या चित्रांत बांधणीची उणीव दाखवून सेझानकडे बोट दाखवले, हेही त्यांनीच सांगितले. मग ती साक्ष बीजवादी का टाळतात?

या पद्धतीचा खरा अन्याय हरि अंबादास गाडे (१९१७–२००१) यांच्यावर झाला. अमरावती जिल्ह्यातले गाडे त्याच ग्रुपचे संस्थापक-सदस्य आणि कसलेले निसर्गचित्रकार. त्यांच्या वाट्याला बिंदूसारखे सर्वपरिचित चिन्ह आले नाही. म्हणून त्यांच्या निसर्गचित्रांना 'पूर्वतयारी' म्हणण्याचीही सोय उरली नाही आणि ती चर्चेतूनच गळाली.

साहित्यसमीक्षेने येथे साळसूद राहू नये. मर्ढेकरांचे 'शिशिरागम' (१९३९) आपण 'काही कविता'च्या (१९४७) उंबरठ्यावरच उभे करून वाचत आलो. प्रारंभीच्या कृतीला स्वतःचा वर्तमानकाळ असतो, हे मान्य करण्याची आपली तयारी नाही.

प्रश्न केवळ गतकालीन चित्रांचा नाही. धाराशिव जिल्ह्यातला एखादा विद्यार्थी नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीच्या काठी, गुडघ्यावर कागद ठेवून काळ्या दगडावरचे पावसाळी ऊन टिपू पाहतो. प्रसिद्धीचे चिन्ह हाती लागेपर्यंत हा सारा सराव, असे आपली समीक्षा त्याला आडवळणाने सांगते. त्याच्या कागदावर आज काय घडले, हे सांगण्याइतकी भाषा तिने आधी कमवावी; बिंदू कुठे जात नाही.